सरकता जिना

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला नागपूरच्या टोकाचं ते मेट्रो स्टेशन आठवतं. ताईचं नवं घर तिथून जवळ होतं आणि पवनीहून मी आईला पहिल्यांदाच तिकडे नेत होतो. आमच्या तळ्यात डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, काढलेले शिंगाडे उकडून तिने पिशवीत घेतले होते. बाहेर अर्धवट बांधलेल्या इमारती, रिकामे प्लॉट, पानठेले. आत मात्र आरशासारखी फरशी. सरकत्या जिन्यावर मी हात पुढे केला, तर आई म्हणाली, “मले धरू नोको, मी डोंग्यात उभी रायतो!” खाली पोचताना जिना जमिनीत शिरतो, तिथल्या फटीत तिच्या साडीचा काठ गेला. आई धपकन खाली बसली. साडी आत ओढली जात होती, आणि तिच्यासोबत आईही. मी तिला दोन्ही हातांनी ओढत नुसता ओरडत राहिलो. इतक्यात शेजारच्या पायऱ्यांवरून एक कॉलेजची मुलगी धावत आली, घसरून गुडघ्यांवर आपटली, तशीच सरपटत पुढे झाली आणि तिने लाल बटण दाबलं. जिना थांबला. साडी गुडघ्यापर्यंत फाटली होती, घोट्याची कातडी सोलली होती. मुलीने आपली ओढणी आईच्या कमरेला गुंडाळली. आईने त्या मुलीचाच गुडघा चाचपला, “पोरी, तुले त जास्त लागलं नाई ना?” आता आई काठ वर खोचून बिनधास्त त्या जिन्यावर उभी राहते. मी मात्र शेजारच्या पायऱ्यांनी उतरतो आणि ती खाली पोचेपर्यंत तिच्या पावलांवरून नजर हटवत नाही.