गुनवोरचा गुरुवार

गुनवोर माझी भावजय. लाकूड कापायच्या ज्या कारखान्यात मी फळ्या रचते, तिथलं कॅन्टीन ती एकहाती चालवते. गुरुवारी पिवळ्या वाटाण्यांचं सूप आणि मागून मुरंबा लावलेली धिरडी, हा आमच्या अख्ख्या स्वीडनचा नेम. तो मोडायची राजाचीही छाती नाही. पण बुधवारी वाटाणे भिजत घालायचे ते गुनवोरनं, आणि गुरुवारी पातेली ढवळायची तीही तिनंच. बाकीचे मिटक्या मारणार, ही शेवटी उभ्याउभ्या खरवड खाणार. त्यावर कडी म्हणजे, करवतींना धार लावणारा वाल्टर दर गुरुवारी पहिला चमचा तोंडात घालून म्हणणार, "मीठ जरा कमीच आहे हं."

जुलैत कारखाना महिनाभर बंद असतो. सुट्टीच्या आधीच्या गुरुवारी वाल्टर पुन्हा तेच बोलला आणि गुनवोरनं पळी खाली ठेवली.

"आता दुसरी बाई बघा," एवढंच म्हणाली.

दुसरी बाई कुठली मिळायला बसलीय? मॅनेजर लेनार्टनं सांगून टाकलं, ती आली नाही तर कॅन्टीनला कुलूप आणि शहरातून डबे.

सुट्टीत आम्ही सगळे तळ्याकाठच्या घरात होतो. पहिला आठवडा ती नुसती झोपून होती. मग मासे केले, नवे बटाटे केले, पण वाटाण्याचं नाव काढलं नाही. माझा भाऊ इंगेमार एक नंबरचा भित्रा, तो विषयच टाळायचा. माझा मात्र जीव खालीवर होत होता. डब्यातलं गार अन्न एकवेळ गिळलं असतं, पण गुनवोरशिवाय तो कारखाना मला नको होता.

सुट्टीतल्या शेवटच्या बुधवारी ओट्यावर वाटाणे भिजत घातलेले दिसले.

"हे कुणी घातले गं?" मी विचारलं.

तिनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मीच असणार. हातांना सवय झालीय मेल्या, मला पत्तासुद्धा नाही."

"मग ये की परत."

"येईन गं. रांधायला मला आवडतं." तिनं एक वाटाणा उचलून परत पाण्यात टाकला. "पण तेच ते करून पार विटलेय मी. इतक्या वर्षांत एका माणसानं म्हटलं नाही, बस, आज मी वाढतो."

सोमवारी ती कारखान्यात आली आणि सगळ्यांदेखत लेनार्टला म्हणाली, "चार दिवस मी रांधेन. गुरुवारी एकेका खात्यानं रांधायचं, मी बसून जेवणार. पटत असेल तर किल्ली दे."

लेनार्ट घुटमळला.

"दे की रे, मुहूर्त काढतोयस का?" मी म्हटलं. त्यानं दिली.

पहिली पाळी करवतवाल्यांची. पठ्ठ्यांनी बुधवारी वाटाणे भिजवलेच नव्हते, त्यामुळे वाल्टर सकाळपासून घामाघूम होऊन कडक वाटाण्यांशी झटत होता. गुनवोर मधल्या टेबलावर ऐसपैस बसली. वाल्टरनं स्वतः तिला वाढलं आणि तिथंच उभा राहिला. सगळ्यांचे चमचे थांबले. तिनं पहिला घास घेतला, बराच वेळ चावला.

"मीठ जरा कमीच आहे हं, वाल्टर."

अख्खं कॅन्टीन खदखदून हसलं. वाल्टर कानापर्यंत लाल झाला, मग त्यालाही हसू फुटलं आणि तो मीठ आणायला पळाला. गुनवोरनं तेवढ्यात ताटली साफ केली होती. तो आल्यावर तिनं ती पुन्हा पुढे धरली.

"वाढ," ती म्हणाली.