धावपट्टीवरचे बाबा

पट्टीवाले बाबा धावपट्टी ओलांडताना चपला काढून हातात घेत. उन्हाळ्यात डांबर तापून निघे, तरी त्यांचा हा नेम चुकत नसे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुरबाडकडच्या एका गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले. माझी शाळेची वाट त्या जुन्या विमानपट्टीवरून जायची आणि बाबा तिथले रोजंदारीवरचे राखणदार होते.

महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी घाईघाईत बांधलेली ती पट्टी. दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीचा खांब, एवढंच तिथे उरलं होतं. विमानं केव्हाच थांबली होती. बाबा मात्र रोज भेगांतलं गवत उपटत, फाटलेली पिशवी शिवून पुन्हा खांबावर चढवत. हे सगळं कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "विमान काय सांगून येतं का, बाई?"

चपलांचं कारण मला दोन वर्षांनी कळलं. पट्टीसाठी त्यांचा पाडा उठवला तेव्हा ते पाच वर्षांचे होते. लढाई संपली की जमीन परत मिळेल, असं त्यांच्या वडिलांना सांगितलं होतं. वडील त्याच पट्टीवर खडी फोडायला गेले आणि वाट बघतच वारले. एके दिवशी बाबा पट्टीच्या मधोमध थांबले आणि हलकेच म्हणाले, "इथं आमची चूल होती."

बायको गेलेली, मुलगा वाशिंदच्या कारखान्यात. तो शिमग्याला येई तेवढाच. बाकी वर्षभर बाबा आणि ती मोकळी पट्टी.

एका हिवाळ्यात, भर दुपारी, बिघाड झालेलं एक छोटं विमान खरंच तिथे उतरलं. आम्ही शाळेतून धावत गेलो तर तरुण वैमानिक बाबांच्या खाटेवर बसून पाणी पीत होता. पट्टी साफ नसती तर आपलं काही खरं नव्हतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. संध्याकाळच्या आत दुरुस्ती होऊन विमान गेलं. बाबा कितीतरी वेळ आभाळाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "आलं नसतं तरी चाललं असतं. आता जास्त सुनं वाटतं."

पुढे काही वर्षांनी राखणदाराची गरज नसल्याचं पत्र आलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि विचारलं, "किल्ली कोणाला द्यायची, ते लिवलंय का?"

ते लिहिलेलं नव्हतं.

मुलगा त्यांना वाशिंदला घेऊन गेला. दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला गेले. चाळीतल्या खोलीच्या दारात ते बसले होते. पट्टीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. निघताना मात्र विचारलं, "शाळेला जाताना आता वाटेत कोण भेटतं तुमाला?"

"कोणी नाही, बाबा."

मग म्हणाले, "मंग बदली मागून घ्या, बाई. माणसानं एवढं एकटं राहू नाय."

सुट्टी संपल्यावर मी सगळ्यात आधी बदलीचा अर्ज केला.