भजी बाबांची, पान आईचं

मुंबई विमानतळावर निरोप देताना बाबा म्हणाले होते, "तिथलं तिथं, इथलं इथं. गल्लत करू नकोस." आई माझ्या बॅगेत भाजणी, लसणाची चटणी, तिळाच्या वड्या कोंबत होती. सगळं मला आवडणारं. वजन जास्त भरलं तेव्हा तिने माझी पुस्तकं बाहेर काढली.

आता सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या कॉन्डोत गल्लतच गल्लत आहे. शेजारची लुपे मेक्सिकोतल्या वाहाका शहराची. त्यांच्याकडे नोव्हेंबर लागला की गेलेली माणसं घरी जेवायला येतात म्हणे. मग त्यांचे फोटो मांडायचे, झेंडूच्या माळा घालायच्या आणि ज्याला जे आवडायचं ते पुढ्यात ठेवायचं. आमच्या पितृपंधरवड्यात खरेदीसुद्धा बंद. हिच्याकडे गाणी आणि साखरेच्या कवट्या! त्यात झेंडू तर आपला दसऱ्याचा. हसावं की हात जोडावेत, मला कळेना.

"तुझ्या बाबांनाही बोलाव," लुपे म्हणाली. बाबांना आवडायची म्हणून मी कांदाभजी तळायला घेतली आणि माझ्या लेकीला, ईराला, फोटो घेऊन पुढे पाठवलं. भजी घेऊन लुपेकडे पोचले, तर माळ आईबाबांच्या जोडफोटोला!

"आजोबांचा सोलो फोटो नाहीच लाह!" ईरा इथल्या ढंगात म्हणाली.

जिवंत माणसाच्या फोटोला हार! काढायला धावले, तोवर ईराने साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून आजीला सगळी मांडणी दाखवलीही. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच असते. मी "इकडे ये" म्हणते, ती "बघू" म्हणते. आता रडेल की रागावेल, या भीतीने मी घाईने भज्यांची ताटली फोटोपुढे ठेवली.

आई म्हणाली, "ह्यांच्यापुढे भजी दिसतायत. माझ्यापुढे काय?"

लुपेला सांगितलं, तर ती लगेच उठली. "काय आवडतं त्यांना?" तिने विचारलं. मी आईचं ताट आठवू लागले. गोड? आंबट? आई नेहमी शेवटी बसायची आणि उरलेलं वाढून घ्यायची.

घर म्हणजे आईच्या हातची चव, असं मी इतकी वर्षं सांगत आले. तुम्हीही सांगत असाल. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली.

"आई, तुला काय आवडतं गं?"

पलीकडून ती म्हणाली, "थांब हं. आठवू दे."