मंजूच्या डोळ्यातला दिवा

रंजीता राठोड कोणाच्याही घरी गेली की आधी त्या घरातल्या लेकराच्या डोळ्यांकडे बघते, मग माणसांकडे. काही बायकांना ते खपत नाही. नजर लावते म्हणतात. म्हणोत.

मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर ती राहते. मी शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा ती माझ्या वर्गात होती. दहावीनंतर लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर, म्हणजे विनोदबरोबर, ती दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायला लागली. यात विशेष काही नाही. तांड्यातली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलपात असतात. सांगण्यासारखं जे आहे ते मंजूपासून सुरू होतं.

मंजू नुकती चालायला लागली होती. फडात दिवस मावळताना मोळ्या भरायला ट्रॅक्टर येतो, तो वळला की त्याचे दिवे तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, पडतात. अशाच एका संध्याकाळी त्या उजेडात मंजूचा डावा डोळा चमकला. पांढरा, मांजराचा चमकतो तसा. झालं, पोरांना खेळ मिळाला. ट्रॅक्टर आला की मंजूला उचलायचं, उजेडासमोर धरायचं आणि "दिवा लागला, दिवा लागला" म्हणत नाचायचं. टोळीचा मुकादम सोमला विनोदला म्हणायचा, "तुयी पोट्टी बॅटरीवर चालते काय गा?" बायका हसायच्या. रंजीताही हसायची. तिला वाटायचं, आपली पोर सगळ्यांपेक्षा निराळी आहे. अख्खा हंगाम तो दिवा सगळ्यांनी पाहिला आणि एकालाही तो डोळ्यातला कॅन्सर आहे हे कळलं नाही.

इथं कोणी मला अडाणीपणावर भाषण देऊ नका. मी बी.एस्सी. आहे, आणि ते पोर माझ्यासमोर आणलं असतं तर मीही गालाला हात लावून म्हटलं असतं, काय टपोरे डोळे आहेत.

गावी परतल्यावर तो डोळा तिरळा दिसायला लागला. अंगणवाडीच्या तपासणीत डॉक्टरांनी पाहिलं आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं डोळा काढला, म्हणून पोर वाचली. आता मंजू पहिलीत आहे. डाव्या बाजूला बसवलेला डोळा आहे, तो हलत नाही एवढंच.

मग बबलू झाला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की हा रोग कधीकधी घराण्यातून येतो, तेव्हा बाळाला लवकर आणा. तिथं या रोगावर संशोधन चाललं आहे, त्यासाठी त्यांनी चौघांचंही रक्त घेतलं. रंजीताची सासू गोमतीबाई तेव्हा खूप बोलली. "एक डोया घेतला, आता रक्त कायले पायजे त्याईले? कुठी नेऊन इकतात काय?" बबलूचे डोळे त्या वेळी साफ होते. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात दिवाळी झाली.

टोळीचा ट्रक तांड्यावर आला तेव्हा दिवस बुडत होता. भांडी चढली, गोधड्या चढल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या चढल्या. रंजीता बबलूला कडेवर घेऊन उभी होती, मंजू तिचा पदर धरून. ड्रायव्हरनं गाडी वळवली आणि दिवे या तिघांवर पडले.

तांड्यात आईला याडी म्हणतात. मंजू म्हणाली, "याडी, बबलूच्या डोयात दिवा हाये."

नंतर रंजीता मला म्हणाली की तिनं वळून बघितलंच नाही. तिनं बबलूचं तोंड छातीत दाबलं आणि दुसऱ्या हातानं ट्रकमधलं आपलं गाठोडं खाली ओढलं.

"बस ना वं," सोमला म्हणाला. "उजेड पडला तं चमकनारच."

"माया पोरीचाई असाच चमकला होता. तुमीच हसले होते."

विनोद ट्रकमधून खाली उतरला. "रंजे, मुकादमाकडून पैशाची उचल घेतली आपन. जोडीनं जाच लागते."

"कोनालेही घे जोडीले. मी येत नाही."

विनोद गेला. जाणं भाग होतं. आणि दुसऱ्या दिवशी रंजीता दोन्ही लेकरं घेऊन माझ्या दारात उभी. "बाई, नागपूरले येता काय? एकटीनं ऐकाची हिंमत नाही." मी चप्पल घातली. मंजूला शेजारी ठेवलं आणि आम्ही कारंज्याची एस.टी. पकडली, तिथून नागपूरची. वाटेत ती बबलूकडे बघतच नव्हती. खिडकीकडे तोंड करून त्याला पाजत होती. मी एकदा म्हटलं, बघ तरी, तर म्हणाली, "दिसलं तं मी काय करू?"

डोळ्याचा पडदा नीट तपासायचा तर एवढ्या बाळाला भूल द्यावी लागते, आणि भूल द्यायची तर त्याला पाजायचं नाही. बबलू भुकेनं आकांत करत होता. रंजीताचं पोलकं दुधानं भिजलं. तिनं बाळ माझ्याकडे दिलं आणि लांब जाऊन बसली, कारण तिच्या वासानं ते जास्तच रडत होतं. त्याला आत नेल्यावर ती माझ्याजवळ आली, बाकावर टेकली आणि लगेच उठली.

"मंजूच्या टायमाले आमी याच बाकड्यावर होतो. तिकडे बसू, बाई."

असल्या गोष्टींवर मी एरवी ऐकवते. तेव्हा पिशवी उचलून उठले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या, "आज दोन्ही डोळे साफ आहेत. उजेड एका विशिष्ट कोनातून पडला की चांगला डोळाही चमकतो. तरी आलात हे बरं केलंत." रंजीताचे खांदे खाली आले. तेवढ्यात त्या खाली बसल्या. "रक्ताचा रिपोर्ट आलाय. जो दोष मंजूच्या रक्तात आहे तोच बबलूच्या रक्तातही आहे. आणि त्यांच्या वडिलांच्याही."

"त्याईले तं काही नाही," रंजीता म्हणाली. "दोनी डोये चांगले हायेत. लांबून पाटी वाचतात."

"हो. काहींना दोष असून रोग होत नाही."

"त्याईले काहून नाही झाला? आन मंजूले काहून झाला?"

"माहीत नाही."

"मंग बबलूले?"

"तेही सांगता येत नाही. एकाच घरात एकाला होतो, दुसऱ्याला नाही, ते का, हेच आम्ही शोधतोय. म्हणून तुमच्यासारख्या घरांचं रक्त लागतं. पैसा मिळतो तसं काम पुढं सरकतं, नाही मिळाला की थांबतं."

"बबलूच्या टायमापोवतर समजन काय?"

"वचन देत नाही. तोवर दर महिन्याला आणा. भूल देऊनच बघावं लागेल."

परतीच्या एस.टी.त अमरावती मागं पडल्यावर ती म्हणाली, "त्या खोटं नाही बोलल्या. मले त्याचंच भेव वाटते."

तेव्हापासून तिचा महिना नागपूरच्या तारखेपासून तारखेपर्यंत असतो. तारीख जवळ आली की तिला घास जात नाही. तपासणी साफ निघाली की दोन दिवस ती हसते, बोलते, सासूशी भांडते. मग पुन्हा आवाज बारीक होत जातो. लोक मला विचारतात, ज्या आईबापांचं लेकरू या रोगातून बरं झालं ते संशोधनाला पैसे मागत पदर कशाला पसरतात, त्यांचं तर भागलं. मला या प्रश्नाचा कंटाळा आला आहे. त्यांचं काही भागलेलं नसतं.

होळीला टोळी घरी आली. होळीत तांड्यावरच्या बायका रस्त्यात आडव्या येतात, लेंगी म्हणजे होळीची गाणी गातात, नाचतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, वसूल करतात. तो पैसा मेजवानीत जातो. शिवाय बबलूची पहिली होळी, म्हणजे त्याची धुंड, लेकराच्या पहिल्या होळीचा विधी, करायची, तिचं जेवण निराळं. गोमतीबाईनं बोकड सांगून ठेवला होता. रंजीता बायकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, यंदाचा फगवा नागपूरच्या त्या कामाला द्यायचा. बोकडाचा पैसाही.

"दवाखान्याले काय कमी हाये वं?" शेजारची रामीबाई म्हणाली. "तिथी तं लिप्ट हाये. मी बसली ना."

बायका हसल्या. गोमतीबाई म्हणाली, "माया नातवाची धुंड आन बोकड नाही? लोक काय म्हनतीन?"

"दवाखान्याले नाही देऊन राह्यली मी," रंजीता म्हणाली. "त्याईले जे माहीत नाही ना, त्याच्यासाठी देऊन राह्यली."

गोमतीबाईनं नातवाकडे पाहिलं. "पुऱ्या तं तळू देशीन?" एवढंच म्हणाली आणि कढई शोधायला गेली. फगवा त्या वर्षी बायकांनी जरा जास्तच दांडगाईनं वसूल केला. माझी रिक्षा दोनदा अडवली.

संध्याकाळी रंजीतानं टोळीला घेऊन आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला दिवे लावायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की ही काही तपासणी नव्हे. चमकलं तर लगेच या, नाही चमकलं म्हणून निर्धास्त राहू नका. तिनं तांड्यातलं एकेक लहान पोर त्या उजेडासमोर आणलं आणि वाकून, डोकं तिरपं करून पाहिलं. कोणी दिवा दिवा ओरडलं नाही. हलगीही थांबली होती. रामीबाईनं नातवाच्या तोंडावर पदर ओढला होता.

"काढ पदर, काकी."

"राहू दे ना वं माय. सनाचा दिवस हाये."

"काढ."

तिनं काढला. त्याचं सगळं ठीक होतं. रामीबाई मातीतच बसली.

शेवटी बबलू राहिला. रंजीतानं त्याला उजेडासमोर धरलं आणि आपलं तोंड फिरवलं.

"मंजू, तू पाह्य."

मंजू पुढं आली. चांगला डोळा भावाच्या तोंडाशी नेऊन तिनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"अंधार हाये, याडी."

"दोनी डोयात?"

"दोनी डोयात."

"परत पाह्य," रंजीता म्हणाली.