आवाजाची नळी, कामाची नळी

किसनमामा गेल्याचं मला घरच्यांच्या आधी मोबाइलनं सांगितलं, आणि तो राग अजून उतरलेला नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी ढकलली होती, 'पिंपळवंडीत बिबट्याच्या हल्ल्यात शेतकरी ठार'. सोबत बिबट्याचा फोटो. तोही दुसऱ्याच कुठल्या बिबट्याचा, मागचं जंगल तर परदेशातलं वाटावं असं हिरवंगार. खाली चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी हात जोडून लिहिलं होतं, 'शेवटी आपणच त्यांच्या घरात घुसलोय.' आणि मी, निरगुडसरच्या मातीत वाढलेला आणि पुण्याच्या खुर्चीत फुगलेला माणूस, या सुविचाराला अंगठा द्यायला निघालो होतो. तेवढ्यात मामेभाऊ बाळूचा फोन आला. "दादा, आबा गेले..." मी उगीचच विचारत राहिलो, "कुठे गेले?"

भरदुपारी, बांधावर, गाईसाठी घास कापताना. उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही म्हणतात. ठेंगणं काहीतरी जनावर वाटतं. आयुष्यभर ताठ मानेनं चाललेल्या माझ्या मामांना शेवटी जनावर समजून मारलं. हे सांगताना माझे दात आवळले जातात. कवळी नवी आहे, तिचंही नुकसान होतंय.

दशक्रियेला नदीवर जमलेल्या पाहुण्यांनी त्यात तेल ओतलं. जो येई तो माझा खांदा दाबून एकच वाक्य म्हणे, "बंदूक घेतली असती तर..." एक पावणे तर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बघत म्हणाले, "लई चोखंदळ माणूस राव. नळी निवडता निवडता गेला." दोनतीन जण गालात हसलेसुद्धा. मी हातातला द्रोण चुरगाळला. तो माझाच निघाला. नंतर तीर्थ ओंजळीत घ्यावं लागलं.

तर त्या नळीविषयी. मामांकडे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि त्यावर एक ठासणीची बंदूक. दारू पुढून ठासायची, वर चिंध्या, मग छर्रे. ती भरून होईपर्यंत डुकरं मका खाऊन, पाणी पिऊन घरी गेलेली असत. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा व्हायची. मामा म्हणायचे, "मतदान सुरळीत पार पडतं ते आमच्या बंदुकीमुळं." अखेर तिचा घोडा तुटला आणि मामांनी नवी घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तो त्यांचा धर्मच झाला. कुठून तरी त्यांनी ऐकलं होतं की एक अशी बंदूक असते, जिचा दस्ता एकच, पण नळ्या बदलता येतात. एका वेळी एकच गोळी. डुकरांना पिटाळायला छर्ऱ्याची नळी. ती काढून तिथंच रायफलची लावली की लांबचा नेम. पहिलीला ते 'आवाजाची नळी' म्हणत आणि दुसरीला 'कामाची नळी'. मी माझं मोबाइलवरचं ज्ञान पाजळलं, "मामा, आता पाच गोळ्यांच्या मिळतात." ते म्हणाले, "पाच असल्या की माणूस पयली उगाच उडवतो. एकच असली म्हंजी इचार करतो."

त्या वर्षी मामांच्या गावच्या यात्रेला मटणाच्या पंगतीत त्यांनी जाहीर केलं, "यंदा दोन नळ्या आणायच्या म्हणतोय." आमच्या वडलांचं लक्ष रश्श्यात होतं. ते म्हणाले, "दोनात काय होतंय पावणं? एक भाच्यालाच लागती." पंगत लोळली. मामांनी हसत हसत वाढप्याच्या हातातून पळी घेतली, भांड्यातली नळी शोधली आणि नेहमीसारखी माझ्या ताटात टाकली. नळी भाच्याची, हा त्यांचा कायदा. माझं पोट सुटल्यावरही त्यांनी तो शिथिल केला नाही.

खरा कायदा मात्र कचेरीत भेटला. जुन्नरच्या त्या टेबलासमोर मी मामांचा शिकलेला भाचा म्हणून उभा होतो, म्हणजे मुख्यतः पिशवी धरून.

"एका परवान्यावर एकच बंदूक," साहेब म्हणाले.

"बंदूक एकच हाय सायेब. नळ्या दोन."

"म्हणजे दुनळी."

"दुनळी न्हाई. दुनळीला दोनी नळ्या येका टायमाला आस्त्यात. ही एक लावायची तवा दुसरी काढायची."

"काढलेली कुठं ठेवणार?"

"कपाटात."

"मग कपाटातल्या नळीला बंदूक नको का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी पिशवीकडे पाहिलं. शेवटी साहेबांनी 'दुनळी'च लिहिलं, ते खोडायला पुढचा हेलपाटा, आणि खोडलेलं चालत नाही म्हणून त्याच्या पुढचा. आज मला ते आठवून हसू येत नाही. माणसाला स्वतःच्या रानात उभं राहायला काय हवंय, हे त्या खोलीत कुणालाच ऐकायचं नव्हतं. दिवसा वीज द्या म्हटलं तेव्हाही नव्हतं, पिंजरा लावा म्हटलं तेव्हाही नव्हतं.

सरतेशेवटी पुण्यातल्या एका दुकानात तशी बंदूक निघाली. कुणा जुन्या शिकाऱ्याच्या घरून आलेली, लाकडी खोक्यात, आत हिरवी मखमल, दोन नळ्या शेजारी शेजारी निजलेल्या. मामांनी ती बैल बघावा तशी बघितली. मधून मोडून बिजागरी हलवली. जोडात कागदाचा कपटा धरून मिटली आणि ओढून पाहिला, निघेना. "घट्ट हाय," म्हणाले. दोन्ही नळ्यांच्या टोकाला आपापली नेमाची माशी आहे ना, हेही पाहिलं. नसेल तर नळी बदलली की नेम बिघडतो म्हणे. छर्ऱ्याची नळी लावून त्यांनी दस्ता खांद्याला टेकवला, दुकानातल्या पंख्यावर नेम धरला, खूश झाले. मग रायफलची लावली. ती जाड, जड. नेम धरून ते बराच वेळ तसेच उभे राहिले... आणि हळूच बंदूक खाली ठेवून म्हणाले, "न्हाई. चला भाचेबुवा."

मी भयंकर चिडलो. एवढे हेलपाटे घालून, रजा काढून, 'न्हाई'? मामांना गावी पोचवायला निघालो, पण एसटीत तोंड फुगवून बसलो. नारायणगाव जवळ आलं तेव्हा मामा खिडकीकडे बघत बोलले.

"डुकराला पयली नळी बास हाय. आवाज झाला की पळत्यात. दुसरी हातात घेतली, तर डोळ्याफुडं डुक्कर आलंच न्हाई."

"मग?"

"उसातली बाई आली. दोन पिल्लांची. आपला मोती कुत्रा नेला ती. ही नळी घरात आली ना, तर मी तिला मारीन रं. मला म्हाईत हाय मी मारीन."

"मग मारा की," मी म्हणालो. एसटीत मी फार शूर असतो.

"तू पुण्याला जाशील. पिल्लं उसात वरडतील ती मी ऐकायची."

बस. त्यानंतर त्यांनी विहिरीच्या मोटारीचा उरलेला लोखंडी पाइप तारेनं गोठ्याच्या खांबाला टांगला. उसाकडे निघताना त्यावर विळ्याची मूठ आपटायची, दोनदा हळू, एकदा जोरात. "ही झाली आवाजाची नळी," म्हणाले. "कामाची ऱ्हाऊ दे दुकानात."

हे त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही. म्हणून लोकांना वाटतं, मामा निवडतच राहिले. अहो, निवडलं होतं त्यांनी! आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच येतो. कुणी म्हणालं, पाइप वाजवायला विसरले असतील. मामी म्हणाली, "वाजवला व्हता. मी चुलीपाशी ऐकला. दोनदा हळू, एकदा जोरात." म्हणजे त्यांनी सगळं नीट केलं होतं. तरीही. नंतर पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला, त्याला कुठे नेलं, तोच होता का, ते सांगायला घरी कुणी फिरकलं नाही.

परवा बाळूचा फोन आला. "दादा, ते खोकं आजून हाय का रं दुकानात?" मी दुकानात विचारलं. आहे. खरं सांगायचं तर मलाही तो बिबट्या हवा होता, मेलेला, त्या बांधावर. पण फोनवर हो म्हणवेना, म्हणून पिंपळवंडीला गेलो आणि ओट्यावर बसून बाळूला एसटीतलं सगळं सांगितलं.

तो ऐकून घेत होता तसतसा त्याचा चेहरा काळवंडत गेला. "म्हंजी आबांनी तिला सोडली, आन तिनं आबांना?"

"तीच होती का, कुणाला ठाऊक."

"तुला काय जातंय सांगायला? तू नळी चोखायला येणार यात्रेला!"

गोठ्यात गाय हंबरली. मामी विळा घेऊन बाहेर आली, आमच्याकडे न बघता खांबाशी गेली. बाळू ताडकन उठला, विळा तिच्या हातातून घेतला आणि मूठ त्या पाइपावर हाणायला लागला. एक, दोन, मग मोजदादच नाही. पाइप तारेवर गरगर फिरत होता, पोपडे उडत होते, गाय दाव्याला हिसके देत होती. पोरगं रडत होतं आणि मारत होतं.

मामीनं पुढे होऊन दोन्ही हातांनी पाइप धरला.

"हळू बाळू," ती म्हणाली. "आवाजाची हाय ती. कामाची न्हाई."

बाळू थांबला. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. मामीनं पाइप सोडला, तो स्थिर होईपर्यंत तिघंही बघत राहिलो. मग बाळूनं मूठ मोजून मारली. दोनदा हळू, एकदा जोरात... आणि बांधाकडे निघाला. मामी त्याच्या मागं, पाठीवर नजर ठेवून. घास कापताना आता एकानं उभं राहायचं असतं. मी मागोमाग बांधावर गेलो आणि उभा राहिलो. एवढं मला जमतं.

दुकानाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. बाळूनं अजून खोक्याचं परत विचारलेलं नाही. मीही तो नंबर पुसून टाकलेला नाही.