खालच्या काकांच्या दोन तबकड्या

जर्मनीत गेर्लिंगेनला राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मी एका ब्लूज गायकाकडून आमच्या घरातला हीटर दुरुस्त करून घेतला. ते गायक आहेत हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. जिन्यात निळा डगला घातलेले, हातात हत्यारांची पत्र्याची पेटी घेतलेले एक उंच गृहस्थ दिसले आणि मी त्यांना इमारतीचे हाउसमायस्टर, म्हणजे देखभाल-दुरुस्ती बघणारे, ठरवून मोकळा झालो. आठवडाभर साठवलेलं सगळं जर्मन त्यांच्यावर ओतलं. हाइत्सुंग गार आहे, घरात लहान मूल आहे, असं कसं चालेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वर आले, हीटरच्या कडेला चावी फिरवून आत अडकलेली हवा सोडली, खाली सांडलेलं पाणी स्वतःच्या रुमालानं पुसलं. मी पाकिटात हात घातला तेव्हा म्हणाले, "राहू द्या हो. मी तुमच्या खालच्याच मजल्यावर राहतो."

पेटीत गिटारच्या अँप्लिफायरचे सुटे भाग होते.

बायकोनं कपाळावर हात मारला आणि माझ्या वतीनं माफी म्हणून डबाभर चिवडा खाली पाठवला. तेव्हापासून आमच्या घरात ते 'खालचे काका' झाले.

काकांनी आयुष्यभर एका कारखान्यात लेथ चालवलं, आणि शनिवार-रविवारी ब्लूज गायलं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं, एवढंच मला ऐकून माहीत. ते इकडच्या श्वाबियन माणसानं इंग्रजीत का गावं, असं मी एकदा विचारलंही. काका म्हणाले, "आमच्या बोलीत दुःख सांगितलं की लोक हसतात."

ऐन तरुणपणी त्यांनी दोन छोट्या तबकड्या काढल्या होत्या. एका खानावळीच्या तळघरात एका दुपारी बसून केलेलं ध्वनिमुद्रण. प्रती मोजक्याच, त्याही मित्रांत वाटल्या आणि पांगल्या. पुढे त्यांनी कधी रेकॉर्डिंग केलंच नाही. आता जुन्या रेकॉर्डी जमवणारे लोक त्या शोधत असतात, हे काका जरा लाजत आणि जरा ऐटीत सांगायचे. मी बाजारातून, म्हणजे जुन्यापुराण्या वस्तूंच्या फ्लोमार्क्टवरून, एक रेकॉर्ड प्लेअर आणला तेव्हा त्यांनी स्वतःजवळच्या दोन्ही तबकड्या मला दिल्या.

"तुम्हीच ठेवा," म्हणाले. "फक्त मी घरात असताना मोठ्यानं लावू नका. त्या पोराचा आवाज मला सोसत नाही."

मोठ्यानं लावायचा प्रश्नच नव्हता. आमच्या इमारतीत रविवारी पाटावरवंटा सोडाच, मिक्सर लावला तरी दारावर चिठ्ठी चिकटते. मी हेडफोन लावून ऐकायचो. प्लेअर मुळात आणला होता तो बाबांच्या शास्त्रीय संगीताच्या एलपी ऐकायला. त्या पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणल्या होत्या. बाबांची एखादी भारदस्त एलपी झाली की काकांची छोटी तबकडी लावायची, असा माझा रविवार.

आणि काय आवाज हो! खर्जातला, जड, ओला. एक शब्द लावायचे आणि त्याच्यावर बसून राहायचे. गिटारचा सूर विहिरीत दगड पडावा तसा यायचा, आणि दुसरा दगड कधी पडतो म्हणून आपण काठावर वाट बघत उभे. शब्द थोडे घसरायचे, पण ती मला श्वाबियन इंग्रजीची लकब वाटली. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही, कारण मी वाढलो विलंबितावर. आमच्याकडे गवई समेवर यायला इतका वेळ घेतो की मधे आईचा चहा होऊन जायचा. दुःख म्हटलं की ते संथच असणार, ही माझी बालपणापासूनची समजूत.

एकदा मी काकांना म्हणालोही, की तुमच्या गाण्यात केवढा ठहराव आहे, किती शांत गाता. काका माझ्याकडे बघत राहिले. "शांत? मी? त्या वयात?" मग मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "आल्झो, तुमचे कान फार चांगले असणार."

मी ती स्तुती समजून घरी आलो.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच. काकूंशी त्यांनी साठीनंतर लग्न केलं होतं. दोघांचाही आधीचा संसार कधीच संपलेला. काकूंना त्यांचं तरुणपण ठाऊक नव्हतं आणि काकांनीही ते कधी उकरून काढलं नव्हतं. अंत्यविधीच्या आधी काकू मला जिन्यात भेटल्या. डोळे कोरडे होते, पण कठड्यावरचा हात काही सुटत नव्हता.

"माझ्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "फोनच्या मशीनवर कंपनीची बाई बोलते. एका लग्नातला व्हिडिओ आहे, त्यात ते नुसते केक खातायत. तुमच्याकडे त्या रेकॉर्डी आहेत ना? त्या दिवशी कॉफीच्या वेळी लावाल? मला त्यांना एकदा ऐकायचंय."

मी प्लेअर, तबकड्या आणि एक्स्टेंशनची वायर घेऊन गेलो. इथे दफनानंतर सगळे एकत्र बसून कॉफी पितात, केक खातात. आमची ही कानाशी कुजबुजली, "अहो, अंघोळ न करता खायचं?" मी म्हटलं, "न खाऊन वाईट दिसेल." आणि वाईट दिसू नये म्हणून मी दोन तुकडे खाल्ले.

मग मी प्लेअरची वायर जोडली, सुई टेकवली.

काकांचा आवाज खोलीभर पसरला. तोच, खर्जातला. काकूंनी हातातला कप खाली ठेवला. डोळे मिटले. इतके दिवस कोरडे राहिलेले त्यांचे गाल ओले झाले आणि त्या हळूच म्हणाल्या, "तेच. हे तेच आहेत." मला धन्य वाटलं. चारचौघांत काहीतरी धड केल्याचा अनुभव मला फारसा नाही.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक खुर्ची करकरली. एक गोल चेहऱ्याचे म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. पूर्वीचे औषधांच्या दुकानाचे मालक, आणि त्याही पूर्वी, तबकडीवर ड्रम वाजवणारे. ते आधी तबकडीकडे, मग माझ्याकडे बघू लागले.

"माफ करा," ते म्हणाले, "पण इतकं हळू मी झोपेतसुद्धा वाजवलेलं नाही."

मला काही कळेना. ते पुढे आले, वाकले, आणि प्लेअरच्या कोपऱ्यातलं एक बटण त्यांनी बोटानं ढकललं. मोठ्या एलपी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांनी फिरतात आणि छोट्या पंचेचाळीस, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. बाबांच्या एलपींसाठी ते बटण जिथे होतं तिथून मी कधी हलवलंच नव्हतं. मी इंजिनियर आहे. फिरणाऱ्या यंत्रभागांवर माझं पोट चालतं.

बटण सरकलं आणि कुणी वेगळंच गायला लागलं. पातळ, चिरका, उतावळा पोरगा. गिटार टणाटण उड्या मारत होती. खोलीत हशा उसळला. म्हातारे टेबलावर ताल धरायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली, एक आजीबाई रडत रडत हसत होत्या. "गेनाऊ! हाच तो!" ड्रमवाले ओरडले. सगळ्यांना त्यांचा दोस्त परत मिळाला होता.

काकू हसल्या, पण पाहुण्यांकडे बघून हसतात तसं. सगळ्यांबरोबर त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मग ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तशा त्या प्लेअरकडे बघत राहिल्या.

मी पार गोंधळून गेलो. इतकी वर्षं मी ज्यांना ऐकत होतो ते कोण? तरुण काकांनी तसं गायलं नव्हतं. म्हाताऱ्या काकांनीही नाही. मग ते खर्जातलं दुःख गायलं कुणी? माझ्या बटणानं? आणि ते तसं कुणी गायलंच नव्हतं, तर काकूंनी ओळखलं कुणाला? बसमध्ये मी हे सगळं हिला विचारत होतो. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आधी घरी जाऊन अंघोळ करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर काकू जिना झाडत होत्या. त्यांचं केरवोखे चालू होतं. म्हणजे जिना झाडायची आठवड्याची पाळी. शब्दातच केर असल्यानं आम्हाला कधी समजावून सांगावं लागलं नाही. हिनं त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला आणि त्यांना आत आणून बसवलं. काकूंनी चहाला हात लावला नाही.

"काल," त्या मला म्हणाल्या, "आधी जे चुकून वाजलं, ते परत लावाल?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि आतून जे निघालं ते भलतंच. म्हटलं, "लावतो, पण ते बरोबर नाही. म्हणजे वेग पाऊणपट होतो, त्याबरोबर स्वरही खाली येतो, म्हणजे तो मूळ आवाज..."

"अहो!" स्वयंपाकघरातून ही.

"नाही, म्हणजे त्यांची फसवणूक नको व्हायला."

"त्यांना कळतंय ते. तुम्ही लावा."

काकू खाली मान घालून म्हणाल्या, "मला ठाऊक आहे की ते तसे गायले नाहीत. पण सकाळी उठल्यावर ते माझ्याशी तसेच बोलायचे. घसा साफ करायच्या आधी."

मी बटण मागे ढकललं. हेडफोन लावायला नको म्हटलं. खाली आता अडवणारं कुणी नव्हतं. दोन्ही तबकड्या, दोन्ही बाजू. काकू खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या. मधे एकदा गाण्यातल्या गाण्यात त्या काहीतरी पुटपुटल्या. उत्तर दिल्यासारखं वाटलं, पण जर्मन इतकं हळू होतं की मला कळलं नाही. संपल्यावर त्या उठल्या, गार झालेला चहा एका दमात प्यायल्या, "परत येऊ का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली गेल्या.

शनिवारी ते ड्रमवाले गृहस्थ तबकड्या न्यायला येणार होते. बरोबर वेगात त्यांच्या कॉपी करून ते सगळ्या मित्रांना वाटणार होते, आणि मी कालच हो म्हणून बसलो होतो. तबकड्या गेल्या की काकूंना काय ऐकवायचं? आणि ठेवून घेतल्या, तर बाकीच्यांच्या दोस्ताचं काय? त्यातून काकांना स्वतःला त्या पोराचा आवाज सोसत नव्हता. मग खरं त्यांचं कुठलं धरायचं? मी हे सगळं जमेल तितक्या व्यवस्थित हिच्यासमोर मांडलं.

हिनं काकूंचा कप विसळून पालथा घातला, हात पुसले आणि म्हणाली, "तबकड्या द्या त्यांना, त्यांचाही मित्र होता. पण शनिवारच्या आत तुमच्या त्या चुकीची एक नीट कॉपी काढा आणि खाली देऊन या. आणि देताना कृपा करून काही समजावून सांगू नका."