काला अंबच्या बसमध्ये उल्का

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना बसने पानिपतला काला अंब हे लढाईचं स्मारक दाखवायला न्यायचं, हे दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहातलं गुणवंतरावांचं तेवीस वर्षांचं काम. त्यांची मुलगी उल्का आठवडाभर मागे लागली, तेव्हा त्यांनीच तिला मागच्या सीटवर बसवून आणलं होतं.

वाटेत मुरथलला चहा झाल्यावर ती पुढे येऊन उभी राहिली. "आमच्या सिनेमामागे कुठली कंपनी नाही, आम्ही सहाच जण आहोत. कार्डावरच्या चॅनेलवर तो बघा, फॉलो करा, आवडला तर आणखी चार जणांना सांगा."

ती कार्डं वाटत मागे गेली. पहिल्या सीटवरच्या मुंबईच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गुणवंतराव, ही फेरीवाली बसमध्ये कुणी घेतली?"

साहेब म्हटलं की गुणवंतरावांची जीभ त्यांची राहायची नाही. "कोण जाणे, साहेब. चहाला थांबलो तेव्हा चढली असेल."

मागे वळून बघतात तो उल्का कार्डं संपवून पाठीशीच उभी. त्यांचे कान तापले. मान वर करवेना.

उरलेलं एक कार्ड तिने त्यांच्या हातात दिलं.

"तुम्हीही नक्की बघा, काका."